पुढचं दार

"या बंगल्याचं दार गावातल्या प्रत्येकासाठी उघडं असायचं," गाईड मुलगी कौतुकानं सांगत होती. समुद्रकाठचे जुने बंगले पायी फिरून बघायला मी हौसेनं आईलाही घेऊन आले होते.

सगळे मोठ्या फाटकातून आत शिरले. आईनं मात्र चपला काढून हातात घेतल्या आणि ती कुंपणाच्या कडेनं मागच्या बोळाकडे निघाली.

"आजी, वाट चुकलात!" मुलगी ओरडली. दोघंतिघं हसली.

माझं डोकंच फिरलं. "चुकली नाही ती! तीस वर्षं या घराची लादी तिनं पुसली. रोज मागच्या दारानं यायचं, तेही अनवाणी, असा शेठचा हुकूम होता. तुमच्या त्या 'प्रत्येका'त ही बसत नव्हती का?"

मुलगी हातातले कागद चाळत राहिली. त्यांत आई कुठेच नव्हती.

"भांडू नको गो," आई कुजबुजली. "चपलांना वाळू लागलीय. लादी मळेल. पुसायला आता मी थोडीच आहे?"

"मळू दे!" मी खाली बसले, वाळूनं भरलेल्या चपला तिच्या पायांत चढवल्या आणि तिला पुढच्या दारातून आत नेलं.