लोहाराची मजुरी

दर रविवारी बेलापूरला दीपेशच्या घरी आम्ही चौघं फासे टाकून राजा-राक्षसांचा खेळ खेळतो. गोष्ट दीपेश रचतो, नियमही त्याचेच. आज मला जादूची तलवार बनवून हवी होती.

"सातशे मोहरा," तो म्हणाला, "वर लोहाराची मजुरी तीनशे. माझ्या राज्यात कारागिराला कोणी फुकट राबवायचं नाही."

तासभर डोकं फोडलं, पण मेला एक मोहर सोडेना. त्या नसलेल्या लोहारापायी मी कंगाल झाले.

खरी कमाल झाली ती निघताना. खेळात पटावर मांडायच्या चाळीस बिनरंगी, बोटभर सैनिकांची पिशवी त्याने माझ्या हातात कोंबली.

 

"योगिनी, नेहमीसारखे मस्त रंगवून आण. आणि रंग तुझेच वापर हां, मैत्रीत कसले पैसे!"