आईची सवत

बाबा गेल्यावर महिन्याने मी त्यांचं गलबत न्यायला खोकं घेऊन आले. तीनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाची ती हातभर लाकडी प्रतिकृती त्यांनी अकरा वर्षं खपून केली होती. आई गलबताला सवत म्हणायची. ती ते मोडीत काढेल, अशी धास्ती होती. ते खोक्यात भरायला मदतीला आलेले बाबांचे एक सुतार मित्र भिंगातून शेवटची दोरशिडी न्याहाळताना थबकले. “या गाठी त्याच्या नाहीत, पोरी. डावखुऱ्या माणसाच्या आहेत, सगळ्या उलट्या.” ओट्याशी कांदा चिरणाऱ्या आईची सुरी थांबली. सुरी डाव्या हातात होती. तो हात मी जन्मभर पाहिला होता. “त्यांचे हात थरथरायचे, गाठी सुटायच्या,” आई म्हणाली. “दुपारी ते झोपले की मी पुन्हा बांधायचे. ते उठल्यावर मलाच दाखवायचे, बघ, कशा घट्ट बसल्यात.” “ने आता सवतीला,” ती म्हणाली. मी खोक्याची घडी केली.