धबधब्यामागची खोली

बासष्ट वर्षांच्या सुहासने सुपारीचं मोठं खांड गालात धरलं आणि तोंड घट्ट मिटलं. शेजारी त्याची धाकटी बहीण हेमांगी लहानपणचा व्हिडिओ गेम खेळत होती, आणि तो तिच्यासाठी अगदी कोराकरकरीत होता. त्या खेळाची तेवढी आठवण तिने कालच मिरजेच्या दवाखान्यात पुसून घेतली होती.

"ही तिसरी वेळ. यापुढे मेंदूला झेपणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आधीच्या दोन्ही वेळा घात केला होता सुहासनेच. लहानपणीही त्यानेच. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. पडद्यावरचा छोटा शिपाई धबधब्याजवळ पोचला की हा ओरडायचाच, "हेमे, पाण्यात घुस, मागे खोली आहे!" आणि तिचा चेहरा पडायचा.

आताही शिपाई धबधब्याशी आला. काठावर घुटमळला आणि चक्क परत फिरला. सुहासने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. दाताखाली सुपारी कडकन फुटली, पण तोंड काही उघडलं नाही.

शिपाई थबकला. वळला. पाण्यात शिरला.

पडदाभर काजवे उजळले. दुखरे गुडघे विसरून हेमांगी सोफ्यावर उभीच राहिली. "अगंबाई! दादा, इथे मागे खोली आहे! तुला ठाऊक होतं?"

"छे गं," सुहास म्हणाला. "काय आहे आत?"

हेमांगीने झटकन तळहाताने त्याचे डोळे झाकले.

"मी नाही सांगणार. सांगितलं की मजा जाते, दादा. तुझं तू शोध."