उपाशीपोटी

पुंडलिकरावांच्या पोटातली फुगलेली मोठी रक्तवाहिनी दुरुस्त करून वर्ष झालं होतं. आत बसवलेली नळी कुठे झिरपत तर नाही ना, एवढंच सोनोग्राफीत बघायचं होतं. पण नेपियर टाउनच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने याही खेपेला नकारार्थी मान हलवली. “अंकलजी, पेट में गैस बहुत है, कुछ दिख नहीं रहा. फिर आइए, खाली पेट.”

इंदूबाईंना हे गॅसचं निमित्त पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. नवरा रात्रीपासून उपाशी, सकाळी नुसता चौकापर्यंत पाय मोकळे करून आलेला, मग गॅस येतो कुठून? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हणून आज त्या हट्टाने आत उभ्या राहिल्या होत्या, डॉक्टरच्या चेहऱ्यावरून नजर न हटवता.

ऑटोत बसल्याबरोबर त्या तणतणल्या, “हा डॉक्टर काहीतरी लपवून राहिला जी! नळी झिरपून राहिली असंल, अन् तोंडावर सांगायची हिंमत नाही त्याची.”

पुंडलिकरावांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. त्यासोबत एक तेलकट कागद इंदूबाईंच्या मांडीवर पडला. कागदाला मंगोड्यांचा, म्हणजे मुगाच्या भज्यांचा चुरा अन् हिरवी चटणी चिकटलेली होती. चटणी अजून ओली होती.

“हे काय? दर वेळी खाऊनच जाता तुम्ही? काहून जी?”

पुंडलिकरावांनी कागद उचलून चुरगाळला अन् पुन्हा खिशात कोंबला.

“उपाशी गेलो असतो, अन् त्याले खरंच काही दिसलं असतं तर?”