मेहुण्याचा चक

“दाजी, बसवायच्या आधी एकदा पुसून घ्या हं,” मेहुणा म्हणाला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

एरवी टर्नर रोज पुसायचा. लेथवर लोखंडाचा तुकडा पकडून धरणारा चक चढवण्याआधी फिरत्या स्पिंडलचे आटे आणि चक टेकतो ती मागची बैठक फडक्याने पुसायची, मग बोट फिरवून बघायचं, यात तो झोपेतही चुकला नसता. पण मेहुण्याने सांगितलं म्हणून पुसायचं? जुन्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या, जन्मात एक शाफ्ट न कातलेल्या मेहुण्याने? हातातलं फडकं त्याने खांद्यावर टाकलं, चक उचलला आणि तसाच आट्यांवर फिरवत चढवला.

लेथ त्याच्या लग्नाच्याही आधीचं. जुन्या चकाचे जबडे झिजून गुळगुळीत झाले होते, कामाला पकड म्हणून राहिली नव्हती. इतक्या जुन्या मशीनला बसेल असा सुटा चक शोधत मेहुणा महिनाभर फिरला होता आणि आज स्कूटरवर पायांमध्ये ठेवून घेऊन आला होता.

टर्नरने नव्या चकात एक सरळ सळई धरली, तिला वाकडेपणा दाखवणारा डायल टेकवला आणि चक हाताने फिरवला. सुई इकडून तिकडे गेली. पुन्हा फिरवला. पुन्हा गेली.

“वाकडा आहे.”

“दाजी, काढून परत एकदा...”

“वाकडाच आहे. आणणाऱ्यासारखा.”

पंपाच्या शाफ्टसाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक खो-खो हसलं. कोपऱ्यात कानशीने कडा घासत बसलेली टर्नरची बायको हसली नाही. तिची कानस तेवढी थांबली.

“तीस वर्षं हेच करतोय मी,” टर्नर आता गिऱ्हाइकाकडे बघून बोलत होता. “निदान बहिणीच्या घरी तरी धड माल आणावा माणसाने!”

मेहुण्याचे कान लाल झाले. “चुकलं, दाजी. मीच नीट बघून घ्यायला हवा होता. दुसरा आणतो.” उतरवलेला चक पोटाशी धरून तो बाहेर गेला. स्कूटर चौथ्या किकला सुरू झाली. तोवर आतलं हसू त्याला ऐकू येत असणार.

टर्नरने खांद्यावरचं फडकं काढलं. आता सांगणारं कुणी नव्हतं, तेव्हा हात आपोआप बैठकीकडे गेला. बोट फिरवलं, तर टोचलं.

लोखंडाचा कीस. कापलेल्या नखाएवढा, चकाखाली दाबून चपटा झालेला. सकाळी जुना चक उतरवताना पडला असणार.

“काय सापडलं?” बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“मग ते ‘काही नाही’ खिशात कशाला घालताय?”

तो लेथकडे वळला. बैठक पुसली. परत पुसली. तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा ती म्हणाली, “फोन करा त्याला. नाहीतर मी करते.”

“येऊ दे. आला की सांगतो ना.”

मेहुणा दोन तासांनी आला, तोही दोन चक घेऊन. “हा विकायला ठेवलेल्या एका लेथचा उतरवून आणला. ते मशीन आता बोडकं कोण घेणार, बघू पुढचं पुढे.”

या वेळी पुसायचं न सांगता तो दोन पावलं मागेच उभा राहिला.

टर्नरने चक चढवला, सळई धरली, फिरवला. सुई जागची हलली नाही.

“बघा! नजर असावी तर अशी,” मेहुणा इतका खूश झाला, जसं काही त्यालाच बक्षीस मिळालं. “मला कळलंच नव्हतं, दाजी.”

“उस्ताद आहेत, उस्ताद,” गिऱ्हाईक म्हणालं.

टर्नरने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळलं नाही. बायकोला कळलं.

“आणि तो पहिला कशाला परत आणलास?” तिने भावाला विचारलं.

“भंगारात घाला, ताई. दुकानात राहिला तर चुकून माझ्याच हातून कुणाच्या तरी गळ्यात जायचा.”

चक दारात ठेवला होता. त्याच्या तोंडावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: वाकडा. रंग अजून ओला होता. अक्षर गोल, जपून काढलेलं.

टर्नर त्याच्यासमोर उकिडवा बसला. फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि अक्षरं पुसायला लागला.

“अहो दाजी, पुसताय काय! कुणीतरी फसेल ना.”

टर्नरने खिशात हात घातला आणि तो चपटा तुकडा मेहुण्याच्या तळहातावर ठेवला. “बैठकीवर होता,” एवढंच म्हणाला.

मेहुण्याने तुकड्याकडे पाहिलं, मग लेथकडे, मग परत तुकड्याकडे. बायकोने कानस खाली ठेवली. बोलू दे भावाला, आज त्याने बोलायलाच हवं.

“दाजी,” तो अगदी हळू म्हणाला, “ज्या म्हाताऱ्याकडून हा चक घेतला, त्याला मी आत्ता त्याच्या सुनेसमोर चोर म्हणून आलोय.”

गिऱ्हाईक उगाचच बाहेर बघायला लागलं.

“काय म्हणाला तो?”

“काही नाही. सुनेला म्हणाला, यांना पाणी दे.”

टर्नर उठला. “स्कूटर काढ.”

“मी जातो ना. तुम्ही कशाला?”

“काढ म्हटलं ना.”

चक दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेऊन तो मागे बसला. रंग अर्धाच निघाला होता. उरलेला त्याच्या शर्टाला लागत होता. स्कूटर सुरू झाली तशी त्याने चक आणखी जवळ ओढला.