मान वर करायला फुरसत नाही

पडद्यावरचा आकडा त्रेसष्टवर अडकला होता. खाली ओळ होती, ‘संगणक बंद करू नका.’ एक पांढरा गोल स्वतःभोवतीच फिरत होता.

ऑफिसात सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. बिघडलेली मशिनं तोच बरी करायचा. आता ऑफिसच बंद झालं होतं. माणसं गेली, खुर्च्या गेल्या, खिडक्यांचे पडदेसुद्धा गेले. राहिली होती ती मशिनं. सगळी पुसून विकायची होती आणि शेवटचं पुसून झालं की डॉक्टरची नोकरीही संपणार होती.

पुसायच्या रीती दोन. एक झटपट, चहा होईस्तोवर काम खलास. दुसरीत डिस्क कानाकोपऱ्यातून घासून निघायची. तिला अख्खा दिवस लागे. डॉक्टर पहिल्यापासून दुसरीच लावत होता. तशी गरज नव्हती. पण घरी त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. सकाळी बायको डबा हातात देई. तो घेऊन जायला एक जागा तर हवी! इथे बसवत नव्हतं आणि वेळेआधी घरीही जाता येत नव्हतं.

धास्ती होती ती साहेबांची. ते केबिनमधून सारखे बाहेर यायचे, पाठीमागे उभे राहायचे.

“किती झालं?”

“चाललंय, साहेब. म्हातारी मशिनं. दामटलं तर जागीच बसतील.”

साहेब हसत नसत. निमूट आत जात.

दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, आज जरा लवकर याल का? वन्सं यायच्यात.”

“लवकर कसला! इथे मान वर करायला फुरसत नाही.”

रिकाम्या हॉलमध्ये ते वाक्य भिंतींवर आपटून परत आलं. डॉक्टरने वळून पाहिलं. साहेब मागेच उभे होते. त्यांची नजर पडद्यावर होती.

“डॉक्टर, हे झटपटही होतं ना?”

बसायला घेतलेल्या खोक्यावरून डॉक्टर उठला.

“होतं, साहेब. चुकलंच माझं. हे आता मध्येच थांबवता येत नाही. पण हे झालं की फक्त तुमचंच उरतं. ते झटपट लावतो. उद्या सकाळीच आपण दोघं मोकळे.”

साहेब केबिनमध्ये गेले आणि आपला डबा घेऊन बाहेर आले. दुसरं खोकं पायाने ओढून डॉक्टरच्या शेजारी बसले.

“माझंही सावकाशच पुसा,” ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी घसा साफ केला.

“नाही गं, उशीरच होईल. इथे मान वर करायला फुरसत नाही.”