रविवारचं पडणं

"सूनबाई, पुढे एवढं बघता, जरा मागेही बघत जा," शेजारच्या खोलीतल्या कौशल्याबाई मागच्या रविवारी म्हणाल्या होत्या. नेहमीचा टोमणा समजून अक्षता हसली होती.

आजही ती आली ती सम्यकाला कडेवर घेऊन, घाईघाईत. चपला काढल्या, पोरीला आजोबांच्या पलंगावर ठेवलं आणि थेट बाथरूम गाठलं.

धायरीच्या या वृद्धाश्रमात तिचे सासरे भीमराव आपल्या हट्टानेच राहायला आले होते. इथे पत्त्यांचा अड्डा होता, मागे बाग होती. पण महिन्याभरात ते तीनदा पडले, तेही रविवारीच. खरचटण्यावर निभावलं. तरी व्यवस्थापिका शर्मिला मॅडमनी बजावलं होतं, की आता पडलात तर एकट्याने बागेत जाणं बंद, व्हीलचेअर.

"चालेल. फक्त खुर्ची बुटकी, कौशल्याबाईंना वरून माझे पत्ते दिसतील," भीमराव म्हणाले होते. म्हणताना बघत मात्र होते बागेकडे.

अक्षताने सगळं तपासलं होतं. फरशी, पायजम्याची लांबी, चष्मा, दिवे. सम्यका चालायला लागल्यापासून तिने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज चिकटवला होता. आता ती बाबांना हेल्मेट घालणार, असं तिचा नवरा रोहन मित्रांना सांगत फिरे.

"बाबा, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय ना? चक्कर येते तुम्हाला," ती बाथरूममधून म्हणाली.

"हो गं."

"मग नेमकं अडखळता तरी कशाला?"

"मी कशालाच अडखळत नाही," भीमराव शांतपणे म्हणाले.

बाहेर वॉकरची टकटक ऐकू आली. सम्यकाला बघायला कौशल्याबाई दर रविवारी याच वेळी यायच्या. पाठोपाठ पलंग करकरला, काठी सरकली.

नळाखालची फरशी चाचपता चाचपता अक्षताला तो टोमणा आठवला. तिने मागे वळून बघितलं आणि धावत जाऊन भीमरावांचं कोपर धरलं.

एका हाताने खोलीच्या दाराची चौकट घट्ट पकडून ते खाली वाकले होते. पलीकडे कौशल्याबाई वॉकर उचलून थांबल्या होत्या, दर रविवारच्या सवयीने, वाट मोकळी व्हायची वाट बघत. भीमरावांच्या दुसऱ्या हातात, उंबऱ्यातून नीट भिंतीकडे सारायला घेतलेल्या, अक्षताच्या चपला होत्या.